‘राख-राडारोड्याची वीट पावसात विरघळते’ म्हणे!

बागेतल्या ओट्यासाठी दाबलेल्या मातीच्या विटांचा विषय निघाला आणि कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागला: ‘न भाजलेली वीट पहिल्याच पावसात विरघळते. राख, राडारोडा घालणं म्हणजे भेसळ. वर प्लास्टिक घालून मजबूत म्हणून विकतात.’

नुसत्या चिखलाची, उन्हात वाळवलेली वीट विरघळते, कबूल. पण इथे दमट मातीत साधारण 5 ते 8 टक्के सिमेंट किंवा चुना कालवून यंत्राने दाबून वीट पाडतात, मग तीन-चार आठवडे ओली ठेवतात. भट्टीत मातीचे कण आग सांधते, इथे सिमेंट. नमुन्याची वीट मी शनिवारी रात्री बादलीत टाकली. सकाळी पाणी नितळ, कडा शाबूत, नखाने खरवडल्यावर चिमूटभर भुकटी. भिजल्यावर ताकद कोरड्या विटेच्या निम्म्यावर येऊ शकते, हेही खरं. म्हणून विकणाऱ्याकडे भिजवलेल्या विटेच्या दाब-चाचणीचे आकडे मागा. या विटांसाठी आयएस 1725 हे भारतीय मानक आहेच.

आता भेसळ. दुधात पाणी घातलं की दूध पातळ होतं, ती भेसळ. औष्णिक वीज केंद्राच्या राखेतली सिलिका चुन्याशी हळूहळू रासायनिक संयोग पावते आणि सिमेंटसारखाच चिकटा तयार होतो. नीट जळलेल्या भाताच्या तुसाची राखही तेच करते. चुरलेला राडारोडा मात्र चिकटवत नाही, तो वाळूचं काम करतो. चिकणमाती जास्त असेल तर वीट वाळताना आकसते, तडकते. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवून द्या: तळाला वाळू, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती बसते. वाळूचा थर पातळ दिसला की राडारोडा कामी येतो. फक्त त्यातलं पीओपी वेचून काढायला हवं (आणि आपल्याकडे दर रिनोव्हेशनला फॉल्स सीलिंग निघतंच). त्यातलं जिप्सम ओलाव्यात सिमेंटशी मिळून फुगतं, वीट आतून फुटते.

प्लास्टिकबद्दल फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. बारीक धागे मातीच्या भिंतीतल्या पेंढ्यासारखे तडा रुंदावू देत नाहीत. पण प्लास्टिक मातीला चिकटत नाही; चुरा जास्त झाला की वीट दुबळीच होते. सिमेंटऐवजी प्लास्टिक सांगणाऱ्याला परत पाठवा.

ओट्याचे खालचे दोन थर मी काँक्रीटच्या ब्लॉकचे सुचवलेत. जुलैत तिथे घोटाभर पाणी तुंबतं.