मडक्याच्या गळ्यावरची रेघ

परवा गोव्यातल्या डिचोलीच्या मामाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. ‘आदिमानवाने जे घडवलं ते फक्त उपयोगासाठी. नक्षी आली ती राजे-श्रीमंत आल्यावर. सौंदर्य हे भरल्या पोटाचे चोचले, हाताने राबणाऱ्याला ते कळत नाही.’ खाली मामाने लिहिलं होतं, ‘खरें आसा.’ मामा कुंभार आहे, जन्मभर चाकावर बसलेला. त्याचे ते दोन शब्द मला झोंबले, म्हणून लिहितेय.

दगडी हातकुऱ्हाडीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, कारण तशीच ती नीट कापते, असंही त्या फॉरवर्डमध्ये ठासून म्हटलंय. टोक आणि धार कामाचीच, हे कबूल. पण सारखेपणा? पुरातत्त्वज्ञ ॲना मेचिन, स्टीव्हन मिथेन आणि सहकाऱ्यांनी तशा कुऱ्हाडी नव्याने घडवून त्या वापरून हरणं सोलून-कापून पाहिली. २००७ साली त्यांनी लिहिलं, की सारख्या बाजूंमुळे कापण्यात फारसा फरक पडत नाही. मग काम भागत असताना तो दगड इतका निगुतीने का टवकला, याचं उत्तर ‘उपयोग’ या एका शब्दात मिळत नाही.

राजे-श्रीमंतांचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या प्राचीन जोर्वे संस्कृतीची तांबडी भांडी बघा. तीन हजार वर्षांपूर्वी इनामगावसारख्या शेतकरी वस्तीत, कुडाच्या घरांत वापरातल्या भांड्यांवर काळ्या रंगात रेघा-जाळ्या काढलेल्या आहेत.

पण ‘भरल्या पोटाचे चोचले’? हे वाक्य मला सोडवत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. त्यावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी कोरलेली आहे. तशाच कवचाचे मणीही मिळाले. त्या माणसांकडे शेत नव्हतं, कणगी नव्हती. उद्याची शिकार मिळेल की नाही ठाऊक नाही, तरी कुणीतरी ठिसूळ कवचाला बारीक भोक पाडत बसलं. मण्याने पोट भरत नाही. ज्याला उद्याची भ्रांत होती त्यानेच हे केलं, आणि आपण म्हणायचं राबणाऱ्याला रूप कळत नाही?

पुष्कळ गोष्टी कामाच्याच असतात, तेही खरं. मडकं घोटलं की पाणी कमी झिरपतं, गोल बुडाला आच नीट लागते. हे मला मामानेच शिकवलं. मात्र ओल्या मडक्याच्या गळ्यावर तो काडीने एक रेघ ओढतो, तिने ना पाणी थंड होतं, ना पकड येते. लहानपणी मी विचारलं होतं, ही कशाला? चाक न थांबवता म्हणाला, ‘रेग नासल्यार मडकें नागडें दिसता.’ म्हणजे रेघ नसली तर मडकं नागडं दिसतं.

काल फोन करून विचारलं, मामा, ती रेघ आता बंद करणार का?

‘ना गो,’ म्हणाला. ‘ती कशी सोडपाची?’