‘क्राउन-पिनियन बदला, ३५ चे टायर बिनधास्त टाका’ – अहो, आधी शाफ्ट बघा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, जो तो पुढे ढकलतोय आणि खाली अंगठ्यांची रांग. मेसेज थोडक्यात असा: फोर बाय फोर ट्रकचे ३१ इंची टायर काढून ३५ चे टाकायचे तर मागचा ॲक्सल बदलायची गरजच नाही, कंपनी तो दुप्पट मजबूत बनवते. खालच्या रेशोचं (म्हणजे आकड्याने मोठ्या, ४.१० च्या जागी ४.५६ असं) क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, टाकलं की गाडीचा उठाव परत येतो आणि ॲक्सलवरचा ताणही उतरतो. वर लॉकर टाकला की जोर दोन्ही शाफ्टवर (चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांवर) सारखा वाटला जातो. आणि ज्याला डोक्याला ताप नको त्याने फुल फ्लोटिंग ॲक्सल टाकावा, तो तुटतच नाही. काम अर्ध्या दिवसाचं.

सगळंच चूक असतं तर लिहायच्या भानगडीत पडलो नसतो, पण खऱ्याखोट्याची अशी बेमालूम सरमिसळ आहे की वाचणाऱ्याला वाटतं लिहिणारा जाणकार असणार. म्हणून एकेक घेतो.

‘कंपनी दुप्पट मजबूत बनवते.’ मार्जिन ठेवते, खरंय, पण ते त्यांनी दिलेल्या टायरसाठी, त्या वजनासाठी. तुमच्या ३५ साठी कोणी ठेवलेलं नाही. जाम झालेला नट सुटत नाही तेव्हा पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावता ना, आणि कधीकधी नट सुटायच्या ऐवजी बोल्टच तुटून हातात येतो? टायर म्हणजे तो पाइप, शाफ्ट म्हणजे तो बोल्ट. समजा मागच्या एका चाकावर ६०० किलो वजन आहे आणि पकड (घर्षणाचा गुणांक) ०.८ ची, तर ३१ चा टायर घसरायच्या आधी शाफ्टला साधारण १८५० न्यूटन मीटरचा पीळ देतो आणि ३५ चा २१०० च्या आसपास. म्हणजे १३ टक्के वाढ, आणि लोक म्हणतात एवढंच ना. पण टायर घसरतो तेव्हा तो फ्यूजचं काम करत असतो हे लक्षात घ्या. रुंद टायर, कमी केलेली हवा, मऊ रबर, यामुळे फ्यूज उशिरा उडतो. त्यात हा टायर जड, चाक हवेत गरगर फिरत असताना दगडावर टेकलं की तो सगळा वेग एका झटक्यात शाफ्टवर येतो. शाफ्ट बहुतेक वेळा असाच जातो, चढावर हळू ओढताना नाही, उडी मारून पकड आल्यावर.

माझा गेला तो असाच, लो रेंजमध्ये, ओल्या दगडावर. मोठा आवाजही नाही, नुसता ‘टक्’ आणि गाडी जागेवर. बाहेर काढला तर तुटलेल्या तोंडाजवळच्या स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या खाचा) सरळ राहिल्याच नव्हत्या, सुंभाला पीळ असतो तशा वळलेल्या. म्हणजे तो त्या दिवशी तुटला, पण वळायला किती आधीपासून लागला होता देव जाणे. तेव्हापासून मी कव्हर उघडलं की शाफ्ट ओढून स्प्लाइन बघतोच, वळलेली दिसली की तो शाफ्ट संपला, मग भले गाडी चालत असो.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, ‘रेशो बदलला की ॲक्सलवरचा ताण उतरतो’. यात उठावाचं म्हणणं बरोबर आहे. हिशोब सोपा, जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. ४.१० असेल तर ४.१० × ३५ ÷ ३१ म्हणजे ४.६३, मग ४.५६ घ्या किंवा थोडं पुढे जाऊन ४.८८. क्लच वाचतो, गिअरबॉक्स वाचतो, प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस यांच्यावरचा भार खरंच कमी होतो, कारण ते सगळे पिनियनच्या अलीकडे बसलेत. पण ॲक्सल शाफ्ट क्राउनच्या पलीकडे आहे हो! चाक फिरवायला जेवढा पीळ लागतो तेवढा शाफ्टला सोसावाच लागतो, अलीकडे रेशो काहीही असो. उलट कमाल पीळ वाढतो. ३०० न्यूटन मीटरचं इंजिन, पहिला गिअर ४, लो रेंज २.७२ आणि ४.१० धरा, कागदावर मागे १३,००० च्या वर जातं. ४.८८ टाकलं की जवळजवळ १६,०००. एरवी टायर आधीच घसरतो म्हणून हा आकडा कधी दिसत नाही, पण चाक दोन दगडांत अडकलं आणि तुम्ही पाय दाबून ठेवलात तर मधे फ्यूजच उरला नाही.

आणि पिनियनचं काय? डाना ४४ मध्ये (डाना कंपनीच्या ॲक्सलचा एक नमुना) ४.१० म्हणजे ४१ दाते आणि १० दाते, ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. क्राउनचा आकार तोच, मग पिनियन बारीक होतं, दात कमी. म्हणजे रेशो जितका खाली नेला तितका तो जोड नाजूक होत जातो. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही. कॅरिअरचाही नाही, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो त्या भागाचा. डाना ४४ ला ३.७३ आणि त्याहून लहान आकड्याच्या रेशोंना एक कॅरिअर, ३.९२ आणि मोठ्या आकड्याच्यांना दुसरा, म्हणजे ३.७३ वरून ४.५६ ला गेलात तर क्राउन सरळ जुन्या कॅरिअरवर बसणारच नाही (जाड क्राउन मिळतात, पण ते विचारून घ्यावे लागतात, दुकानदार स्वतःहून सांगेल या भ्रमात राहू नका). शिवाय फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही बदलायला हवा. नुसता मागचा बदलून कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकलंत की ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर देणाऱ्या पेटीला) दोन बैल दोन दिशांना ओढतात.

खरी ताकद कुठे आहे तर शाफ्टच्या जाडीत, आणि ती व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून डोळ्याला किरकोळ वाटणारा फरक किरकोळ नसतो. डाना ३५ चा २७ स्प्लाइनचा शाफ्ट साधारण १.१८ इंची, डाना ४४ चा ३० स्प्लाइनचा १.३१. धातू सारखाच धरला तर दुसरा सुमारे ३७ टक्के जास्त सोसतो. तिथून डाना ६० च्या ३५ स्प्लाइन, १.५ इंची शाफ्टवर गेलात तर आणखी ५० टक्के. त्याच हाउसिंगमध्ये क्रोमोलीचे (जास्त मजबूत मिश्र पोलादाचे) शाफ्ट टाकणं हाही चांगला मधला मार्ग आहे, ३३ च्या टायरपर्यंत आणि पाय हलका असेल तर बरेच जण तेवढ्यावर निभावतात, नाही म्हणत नाही.

पण म्हणून लगेच डाना ६० शोधायला पळू नका, हेही सांगतो. टायर ४ इंचांनी वाढला की ॲक्सलखाली जागा फक्त २ इंच वाढते. ४४ चा क्राउन ८.५ इंची, ६० चा ९.७५ इंची, म्हणजे तो गोळा मोठा, खाली लोंबणार आणि कमावलेल्या २ इंचातला वाटा परत खाणार. वजन वेगळंच. फोर्डचा ९ इंची (१९५७ पासूनचा) लोकांना आवडतो कारण अख्खा थर्ड मेंबर (क्राउन-पिनियनसकट डिफ) पुढून काढून टेबलावर सेट करता येतो, पण त्याचं पिनियन फार खाली असतं, लिफ्ट केलेल्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणखी बिघडतो. फुकट काहीच मिळत नाही.

‘लॉकर जोर वाटून देतो.’ बरोब्बर उलटं! जोर सारखा वाटतो तो ओपन डिफ (लॉकर नसलेला साधा डिफरन्शियल), म्हणून तर एक चाक हवेत गेलं की दुसरंही गप्प बसतं, दोघांना मिळतो तेवढाच कमी पीळ. लॉकर दोन्ही चाकांना एका वेगाने फिरवतो, मग ज्याला पकड आहे त्याच्या एकट्या शाफ्टवर अख्खा जोर जाऊ शकतो, निम्मा नाही, अख्खा. लॉकर टाकू नका असं नाही, मी स्वतः टाकलाय, पण बारीक शाफ्टवर लॉकर म्हणजे शाफ्ट तुटायची तारीख अलीकडे आणणं. डिफ वेल्ड करून घेणाऱ्यांनाही हेच लागू, वर प्रत्येक वळणाला टायर घासत जाणार ते वेगळं.

‘फुल फ्लोटिंग तुटत नाही.’ तुटतो. फरक एवढाच की त्यात गाडीचं वजन हब आणि स्पिंडल उचलतात, शाफ्टकडे फक्त पीळ. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्ट वजनही उचलतो, आणि सी-क्लिपवाला (शाफ्ट आत सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला) असेल तर शाफ्ट तुटल्यावर चाकच बाहेर चालायला लागतं, हे प्रत्यक्ष बघितलंय, मजा नाही येत. फुल फ्लोटिंगचा शाफ्ट तुटला तर चाक जागेवर राहतं आणि पुढच्या ॲक्सलवर घरी येता येतं. खेचून नेणाऱ्या, लोड वाहणाऱ्या ट्रकला तो हवाच. पण त्याने शाफ्ट जाड होत नाही.

राहता राहिलं ‘अर्ध्या दिवसाचं काम’. हे वाचून मला खरंच राग आला, कारण माझं एकदा असंच अर्ध्या दिवसात झालं होतं. गॅरेजवाल्याने जुने शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) तसेच वापरले, कव्हर लावलं, ऑइल भरलं, घ्या चावी. ७० ला पाय सोडला की घूंऽऽ असा आवाज, जोर दिला की बंद. महिन्याभरात ऑइल काढलं तर चंदेरी वर्ख मिसळल्यासारखं चमकत होतं. दुसऱ्या माणसाने दिवसभर बसून केलं. पिवळी पेस्ट दातांना फासायची, क्राउनला हाताने अडवत फिरवायचं, ठसा दाताच्या कुठल्या टोकाला पडतोय ते बघायचं, परत सगळं खोलून शिम बदलायचा. सहा वेळा खोललं त्याने. दातांचा प्ले (दातांमधली मोकळी जागा) बहुतेक डिफना ०.००६ ते ०.०१० इंच लागतो, डायल गेजशिवाय तो कळत नाही, हाताने हलवून ‘ठीक वाटतंय’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

ब्रेक आणि मीटर तर मेसेजवाला विसरूनच गेला. ब्रेक तेच ठेवून टायर ३५ झाला की तेवढ्याच दाबाला जमिनीवरचा रोध साधारण ११ टक्के कमी मिळतो, आणि मीटर जुळवला नाही, रेशोही बदलला नाही तर काटा ८० वर असताना गाडी ९० वर असते.

नवीन क्राउन-पिनियन बसवल्यावर पहिल्यांदा २०-२५ किलोमीटर सावकाश चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या, पहिले ८०० किलोमीटर काही ओढू नका, मग ऑइल बदला. मॅग्नेटवर मऊ राखाडी चिखल असेल तर पुसून टाका, कण बोटाला टोचले तर कव्हर परत उघडा.