युरेनस म्हणजे आपला वरुण नव्हे

ग्रीकांचा आकाशदेव युरेनस म्हणजे आपलाच वरुण. तो भारतातून ग्रीसला गेला, तिथे देवांचा राजा म्हणून पूजला गेला, झ्यूस या मुलाने त्याला पदच्युत केले आणि युरोपीयांनी पुढे ग्रहालाही वरुणाचेच नाव दिले, अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो.

यातील झ्यूसविषयीचे विधान सरळ चुकीचे आहे, कारण झ्यूस हा युरेनसचा नातू. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या 'थिऑगनी' या काव्यानुसार गाया, म्हणजे पृथ्वी, युरेनसला एकटीनेच जन्म देते आणि मग त्याच्यापासूनच तिला संतती होते. जन्मलेली मुले तो पुन्हा तिच्याच उदरात कोंडू लागतो, तेव्हा ती एक दातेरी विळा घडवते. रात्र सोबत घेऊन युरेनस तिच्यावर पसरतो त्या क्षणी दबा धरून बसलेला धाकटा मुलगा क्रोनोस बापाचे लिंग छाटून मागे भिरकावतो. एवढे होऊनही युरेनस मरत नाही. क्रोनोसचा मुलगा झ्यूस याच्या जन्माच्या वेळी त्याची आई ऱ्हिया हिला क्रीट बेटावर पाठवण्याची मसलत तो आणि गाया मिळूनच देतात.

पूजेचे म्हणावे, तर त्याचे देऊळ किंवा उत्सव असल्याचा पुरावा नाही. होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात झ्यूसची पत्नी हेरा पृथ्वी, आकाश आणि पाताळातील स्टिक्स नदीचे पाणी यांची शपथ घेते. आकाशाला मान मिळतो तो असा, साक्षीदाराचा.

मुख्य दावा वरुणाचा आहे, आणि तो निव्वळ नावांच्या साम्यावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनाही या साम्याची भुरळ पडली होती, परंतु भाषांमधील ध्वनी कसे बदलत जातात याच्या नियमांत ते नीट बसत नाही. ग्रीसमध्ये ऋग्वेदाचा सगोत्र देव शोधायचाच असेल, तर 'द्यौष्पितर्' आणि 'झ्यूस पातेर' ही जोडी निर्विवाद आहे. शिवाय वरुण हा ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, रक्षक, पाश आणि हेर बाळगणारा. सातव्या मंडलात वसिष्ठ त्याला आपला अपराध कोणता, असे कळवळून विचारतो. पुत्राकडून अंगच्छेद झाल्याची कथा ऋग्वेदात त्याच्याविषयी कुठेही नाही.

ती कथा सापडते हित्ती या प्राचीन लोकांच्या हत्तुशा या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानात. हेसिओडच्या कितीतरी शतके आधीच्या तिथल्या मृत्तिकापाट्यांवर कुमार्बी हा देव आकाशदेव अनूचे लिंग दातांनी तोडतो आणि त्यातून वादळदेव जन्मतो. याच हत्तुशात सापडलेल्या, शेजारच्या मितान्नी राज्याशी हित्तींनी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य साक्षीला आहेत. म्हणजे ज्या दप्तरात वरुणाचे नाव आहे, त्याच दप्तरातील अंगच्छेदाची कथा मात्र अनूची आहे.

राहिला ग्रह. १७८१ मध्ये विल्यम हर्शेलने तो शोधल्यावर जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान बोडे यांनी सुचवलेल्या नावामागे वंशावळ होती: गुरूचा (झ्यूसचा) पिता शनी (क्रोनोस), शनीचा पिता युरेनस. मराठी पंचांगांत तो शोधकाच्या नावाने हर्षल झाला, आणि वरुण हे नाव आपण नेपच्यूनला देऊन बसलो आहोत.