स्वीट सॅव्हेज आणि तीन मिनिटांचं एक गाणं

स्वीट सॅव्हेज हा उत्तर आयर्लंडचा हेवी मेटल बँड. गिटारवादक 'व्हिव्हियन कॅम्पबेलचा पहिला बँड' एवढंच म्हणून लोक मोकळे होतात. हे बरोबर नाही. १९७९ मध्ये बेलफास्टला जमलेल्या त्या चौघांत रे हॅलर बेस वाजवत गायचा, ट्रेव्हर फ्लेमिंग आणि कॅम्पबेल गिटारवर होते, डेव्हिड बेट्स ड्रम्सवर. 'किलिंग टाइम' या गाण्यावर चौघांचीही नावं आहेत.

१९८१ मध्ये त्यांचं सात इंची सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी, निघालं: एका बाजूला 'टेक नो प्रिझनर्स', उलट्या बाजूला 'किलिंग टाइम'. त्याच सुमारास बीबीसी रेडिओ वनच्या 'फ्रायडे रॉक शो' या कार्यक्रमासाठी त्यांचं रेकॉर्डिंग झालं. थिन लिझी आणि मोटरहेड या बड्या रॉक बँडच्या आधी ते स्टेजवर उतरत होते. एवढं होऊनही अल्बम निघाला नाही. वाद्यं गाडीत भरा, बेलफास्टजवळच्या लार्न बंदरातून बोटीने स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅनरारला उतरा आणि तिथून लंडनपर्यंत ६०० किलोमीटरहून जास्त रस्ता कापा. करार करणाऱ्या मोठ्या कंपन्या त्या टोकाला. त्यात बेलफास्टमधला तो हिंसाचाराचा काळ. १९७५ मध्ये मायामी शोबँड या आयरिश बँडच्या वादकांची हत्या झाल्यावर बाहेरचे बँडही तिकडे यायला कचरत होते. लंडनजवळच्या बँडला जे सहज मिळायचं, त्यासाठी यांना समुद्र ओलांडावा लागे.

१९८३ मध्ये कॅम्पबेल गायक रॉनी जेम्स डिओच्या 'डिओ' या बँडमध्ये गेला, वय जेमतेम वीस. त्यांच्या 'रेनबो इन द डार्क'चा मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, त्याने स्वीट सॅव्हेजच्या 'लेडी मॅरियन'मधून नेला. ते गाणं असलेला डिओचा 'होली डायव्हर' अल्बम ऐकणाऱ्या प्रत्येकाने बेलफास्टचा हा माल ऐकलेलाच आहे. मागे राहिलेल्यांनी १९८४ मध्ये आणखी एक सिंगल काढलं, पण तोवर वेग गेला होता.

अमेरिकन मेटल बँड मेटालिका १९८२ मध्ये अगदी नवखी असताना 'किलिंग टाइम' वाजवत होती. १९९१ मध्ये त्यांनी ते 'द अनफरगिव्हन' या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं, १९९८ मध्ये 'गॅरेज इंक.' या अल्बममध्ये पुन्हा घेतलं. इथे व्यवहार समजून घ्या. विकल्या गेलेल्या प्रतीमागे गीतकाराला रॉयल्टी मिळते आणि त्यात सिंगलची मागची बाजू कमी धरत नाहीत. लोकांनी सिंगल पुढच्या गाण्यासाठी घेतलं, तरी मागच्या गाण्याचे पैसे ते लिहिणाऱ्यांच्या खात्यात जमा होतात. मात्र त्यासाठी लिहिणाऱ्यांची नावं आधीच नोंदलेली हवीत. नव्या बँडांनी हे पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशीच कागदावर आणावं. बँड फुटल्यावर कोणी काय लिहिलं यावर एकमत होत नाही.

स्वीट सॅव्हेजचा पहिला अल्बम निघाला थेट १९९६ मध्ये, नाव अर्थातच 'किलिंग टाइम'. त्यावर गिटार वाजवणारा कोवळा पोरगा सायमन मॅकब्राईड आज डीप पर्पल या नामांकित रॉक बँडमध्ये आहे. ऐकायचं असेल तर आधी १९८१ चं सिंगल ऐका, मगच मेटालिका. मेटालिकाचा आवाज जाडजूड आहे, पण दोन गिटारींची ती धारदार चढाओढ मूळ रेकॉर्डिंगमध्येच सापडते.