भांडण मिटवायला निघालेल्याला आधी मारतं कोण?

दुपारपासून डोकं फिरलंय आणि लिहून काढल्याशिवाय ते शांत होणार नाही. लांबलचक होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढं जा.

झालं एवढंच की माझ्या पुतणीनं एक फोटो टाकला. आमच्या चुलत घरातला, म्हणजे आजोबांच्या भावाकडचा एक मुलगा कुठलीशी परीक्षा पास झाला, दोघं एकाच कॉलेजातली, तिनं त्याच्यासोबतचा फोटो टाकून 'अभिनंदन दादा' लिहिलं. बास, दोन शब्द. कोणीतरी स्क्रीनशॉट काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'बघा, आपलंच रक्त', आणि मग तासभर जे काही चाललं ते मी इथं टाइप करणार नाही. 'ज्यांनी आजोबांच्या डोळ्यांत पाणी आणलं त्यांना दादा म्हणतेस?' हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. पोरगी कॉलेजात जाणारी, आजोबा गेले तेव्हा तिच्या आईबापांचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. तिनं फोटो काढून टाकला, मला फोन केला आणि रडत विचारलं, आत्या, मी नक्की काय केलं?

मला सांगा, काय केलं तिनं?

ज्या घरावरून दोन भाऊ भांडले ते घर कधीच विकलं गेलं. दोन्हीकडच्यांनी आपापला वाटा घेतला, पैसे खर्चून संपलेसुद्धा असतील, त्या जागेवर आता तिसऱ्याच लोकांची बिल्डिंग उभी आहे. म्हणजे भांडणाचं कारणच शिल्लक नाही. भांडण मात्र ठणठणीत. आणि कोणी विचारलं की माणसामाणसांत एवढा द्वेष का टिकतो, तर आपण काहीतरी मोठं मोठं बोलतो, स्वार्थ, सत्ता, धर्म, माणसाचा मूळ स्वभाव वगैरे. असेल. पण मी आज जे बघितलं ते वेगळंच आहे आणि मला वाटतं तेच जगभर आहे. समोरच्या घरातल्यांनी त्या मुलीला काहीही केलं नाही. त्यांनी फोटोला लाइक केलं. तिला फाडून खाल्लं ते आम्ही.

मला थोरली आत्या आठवतेय सारखी. बाबांची मोठी बहीण. भांडण झालं तेव्हा ती सासरी होती, तिला कोणी विचारायलासुद्धा गेलं नव्हतं. त्या घरातली तिची चुलत वहिनी ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण, एका वर्गातल्या दोघी. पुढं ती वहिनी आजारी पडली, शेवटचं आजारपण, आणि आत्या हॉस्पिटलमध्ये जाऊन तिच्या उशाशी बसली. एक दिवस नाही, शेवटपर्यंत. रात्रीसुद्धा. त्या घरातल्यांनी तिला काय केलं? खुर्ची दिली. एक माणूस वाकडं बोलला नाही. आणि तिच्या सख्ख्या भावांनी, म्हणजे आमच्या घरानं, तिच्याशी बोलणं टाकलं. मोठे काका म्हणाले, तू आम्हाला मेलीस. पुढच्या लग्नात तिला बोलावलं नाही.

हे इथं थांबवते, कारण यावर लिहायला लागले की हात थरथरतात.

आता जरा जगाकडं बघा. 1977 च्या नोव्हेंबरमध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात इस्रायलला, जेरुसलेमला गेले. ज्या देशाशी आपला देश चार वेळा लढला त्यांच्या संसदेत उभं राहून बोलले, 1979 ला करार केला. बरं, हा माणूस काही भित्रा नव्हता, 1973 चं युद्ध त्यानंच सुरू केलेलं. इस्रायलनं मारलं का त्यांना? नाही. आधी अरब लीगनं इजिप्तला बाहेर काढलं, ऑफिस कैरोतून उचलून ट्युनिसला नेलं, म्हणजे अख्ख्या देशाला 'तू आम्हाला मेलीस'. मग 6 ऑक्टोबर 1981, त्याच युद्धाच्या आठवणीत परेड चालू होती आणि स्वतःच्याच सैन्यातल्या लोकांनी ट्रकमधून उतरून त्यांना गोळ्या घातल्या.

इस्रायलचे पंतप्रधान रबीन. 1967 च्या युद्धात इस्रायलचा सेनाप्रमुख होता हा माणूस, त्याच्या देशप्रेमावर कोण शंका घेणार? घेतली. पॅलेस्टिनी नेत्यांशी हात मिळवला म्हणून घेतली. 4 नोव्हेंबर 1995, तेल अवीवमध्ये शांततेसाठी सभा झाली, तिथून निघताना मारणारा एक ज्यू तरुण, कायद्याचा विद्यार्थी. मायकेल कॉलिन्स, इंग्रजांनी ज्याला पकडायला आयर्लंड पालथा घातला आणि जो त्यांच्या हाती लागला नाही, त्यानं डिसेंबर 1921 मध्ये इंग्रजांशी तह केला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये आयरिश गोळीनंच गेला, वय 31. आणि गांधीजी. 13 जानेवारी 1948 ला दिल्लीतली कत्तल थांबावी म्हणून उपोषणाला बसले, 18 ला सोडलं, 30 ला गेले. कोणी मारलं ते आपल्याला शाळेतल्या पुस्तकापासून माहीत आहे, त्या माणसाचं नाव मी माझ्या पोस्टमध्ये लिहिणार नाही.

रवांडा तर घ्याच. आपण म्हणतो हुतूंनी तुत्सींना मारलं, खरंच आहे, लाखो मारले, त्यात दुमत नाही. पण 7 एप्रिल 1994 ला, अगदी पहिल्या दिवशी, कोणाला मारलं? पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना आणि त्यांच्या नवऱ्याला. त्या स्वतः हुतू होत्या. समझोता व्हावा म्हणणाऱ्या हुतूंना आधी संपवलं, कारण ते जिवंत असते तर बाकीच्यांना 'नको' म्हणायला जागा राहिली असती. आधी आपल्यातला 'नको' म्हणणारा संपवायचा. मग पुढचं काम सोपं.

हो, मान्य आहे, युद्धात जी माणसं मरतात ती शत्रूच्याच हातून मरतात, आणि त्यांच्यापुढं ही पाच-सहा नावं म्हणजे काहीच नाही. माहीत आहे मला. पण ती युद्धं थांबत का नाहीत हे मी विचारतेय.

थांबत नाहीत कारण थांबवायला कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं, आणि पहिलं पाऊल टाकणाऱ्याला समोरच्याची भीती नंतर वाटते, आधी पाठीमागच्यांची वाटते. द्वेष करायला काही लागत नाही हो, नुसतं सगळ्यांसोबत बसून राहायचं. द्वेष सोडायला सगळं लागतं. नाव जातं, घर जातं, कधी जीव जातो. आणि बक्षीस काय? समोरचे पूर्ण विश्वास ठेवत नाहीत आणि आपले थुंकतात.

थोरल्या आत्याचं पुढं काय झालं ते सांगते. बोलणं बंद हा तर सोपा भाग होता. काही वर्षांनी तिला परत घरात घेतलं, पण कसं? ती आली की खोलीतलं बोलणं थांबायचं. मी लहान होते तरी मला ते कळायचं. कोणाच्या नोकरीचं, लग्नाचं, दुखण्याचं काही बोलणं निघालं की आजी डोळ्यांनी खूण करायची, हिच्यासमोर नको, हिच्याकडून 'तिकडं' जाईल. माझी आत्या स्वतःच्या माहेरात हेर झाली. एका मरणाऱ्या बाईचा हात धरला म्हणून! मी मोठी झाल्यावर तिला एकदा विचारलं, तुला राग नाही आला का गं, तर ती म्हणाली, "भांडण करताना मला कोणी विचारलं नव्हतं, मग न भांडायला मी कशाला परवानगी मागू?" यापेक्षा शहाणं वाक्य मी कुठल्याही मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

बरं, लोक म्हणतात की माणसाच्या रक्तातच आहे, टोळ्या करणं आणि लढणं. थोडंफार असेल, नाही म्हणत नाही. हेन्री ताजफेल म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, पोलंडचे ज्यू, नाझींनी त्यांचं जवळपास सगळं कुटुंब मारलं. त्यांनी पुढं इंग्लंडमध्ये शाळेतल्या मुलांवर प्रयोग केला, मुलांना कुठली चित्रं आवडतात असल्या फुटकळ कारणावरून दोन गट पाडले आणि पैसे वाटायला सांगितले. मुलं स्वतःच्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्या गटाला आपल्यापेक्षा बरेच कमी मिळाले पाहिजेत असं वाटायला लागली. वाचून अंगावर काटा येतो. पण एक बघा, ते गट कोणीतरी पाडले होते. मुलं वर्गात येताना ते घेऊन आली नव्हती.

आणि रक्तातच असेल तर 1914 च्या नाताळात काय झालं? फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले, मधल्या मोकळ्या जागेत भेटले, सिगारेटी दिल्या-घेतल्या, गाणी म्हटली, आपापली प्रेतं पुरली. चार महिने एकमेकांना मारत होते ही माणसं! घाबरलं कोण? दोन्हीकडचे वरिष्ठ. पुन्हा असं होऊ देऊ नका म्हणून हुकूम सुटले, पुढच्या वर्षी एका ब्रिटिश कॅप्टननं थोडा वेळ भेटू दिलं तर त्याच्यावर कोर्ट मार्शल. रक्तात असलेल्या गोष्टीसाठी हुकूम काढावे लागत नाहीत, एवढं तरी कळायला हवं आपल्याला.

1914 चीच अजून एक गोष्ट मला विसरता येत नाही. झाँ झोरेस, फ्रान्समधले समाजवादी नेते, युद्ध होऊ नये म्हणून शेवटपर्यंत धडपडत होते. 31 जुलैला पॅरिसच्या एका कॅफेत एका फ्रेंच माणसानं त्यांना गोळी घातली, तीन दिवसांनी जर्मनीनं फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. खटला चालला 1919 मध्ये, युद्ध जिंकल्यावर. खुनी निर्दोष सुटला, आणि कोर्टाचा खर्च झोरेसच्या विधवेवर टाकला. विधवेवर! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोरली आत्याच दिसली डोळ्यांसमोर, सगळ्यांच्या मागं एकटी बसलेली.

आता कोणीतरी म्हणणार की तुमच्या घरगुती भांडणाचं आणि नरसंहाराचं काय घेऊन बसलात. बरोबर, तुलना होत नाही. आणि ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला त्यांना 'सोडून द्या' सांगायचा मला काडीचा अधिकार नाही, तेही मान्य. मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये. मी आमच्यासारख्यांबद्दल बोलतेय, ज्यांना स्वतःला कोणी काहीही केलेलं नाही, ज्यांना हा राग वारशात मिळालाय आणि जे तो पोरांच्या हातात देतायत. पोरं घेत नसतील तर मारून मुटकून देतायत.

लिहिता लिहिता एका चुलत भावाचा मेसेज आला, पर्सनलवर. 'ताई, तू ग्रुपवर बोललीस ते पटलं, पण मी उघड बोलू शकत नाही.' त्याआधी एका वहिनीचा तसाच आला होता. म्हणजे बघा, मनातून कोणालाच त्या घराचा राग उरलेला नाही. दोन-तीन माणसं सोडली तर बाकी सगळे फक्त एकमेकांना घाबरून गप्प आहेत आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं केवढा हा एकजुटीचा द्वेष. मला आधी त्याचा राग आला, आता नाही येत. आत्याचं काय झालं ते त्यानंही बघितलंय.

पण हे कधीच संपत नाही असंही नाही. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले, 1870, 1914, 1940. आणि 8 जुलै 1962 ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर रँसच्या कॅथेड्रलमध्ये शेजारी शेजारी उभे होते, पहिल्या महायुद्धात जर्मन तोफांनी फोडलेल्या त्याच कॅथेड्रलमध्ये. पुढच्या जानेवारीत करार झाला, त्यातून दोन्हीकडच्या मुलांना एकमेकांच्या देशात पाठवणारी संस्था निघाली, लाखो मुलं जाऊन आली. द गॉल हे करू शकले कारण 1916 मध्ये व्हर्दंच्या लढाईत जखमी होऊन ते जर्मनांच्या कैदेत पडले होते आणि 1940 ला सगळे शरण जात असताना ते उभे राहिले होते. जर्मनीच्या बाबतीत त्यांना फितूर म्हणायची कोणाची छाती होती? (अल्जीरिया ही फ्रेंच वसाहत सोडली तेव्हा मात्र म्हटलं. 1962 च्याच 22 ऑगस्टला त्यांच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडला तो त्यांच्याच लोकांनी, कट रचणारा फ्रेंच हवाई दलाचा अधिकारी. थोडक्यात वाचले.)

म्हणून मला वाटतं की हे पाऊल पोरीबाळींनी टाकून भागत नाही, त्या चिरडल्या जातात. ज्याच्या निष्ठेवर कोणी बोट ठेवू शकत नाही त्यानं टाकलं तर निदान उभं राहायला जागा मिळते. आमच्या घरात असा माणूस एकच आहे.

मोठे काका, तुम्ही फेसबुक बघता आणि ही पोस्ट कोणीतरी तुम्हाला दाखवणारच आहे, म्हणून उघडच लिहिते. तुमच्यावर माझा राग आहे आणि तुमच्यावर माझा जीवही आहे, दोन्ही तुम्हाला माहीत आहे. आजोबांसाठी तुम्ही कोर्टात किती खेटे घातलेत ते मी बघितलंय, त्यांच्या शेवटच्या दिवसांत सगळं तुम्ही केलंत, तुमच्याइतकं कोणीच केलं नाही. आज ग्रुपवर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. बाकीचे सगळे तुमच्या नावानं ओरडत होते आणि तुम्ही वाचून गप्प होतात, दोन निळ्या खुणा दिसत होत्या. तुम्हाला ते आवडलं नसणार असं मी धरून चाललेय. मग आत्याला फोन करा. तिला घरी बोलवा, सगळ्यांच्या देखत तिच्या शेजारी बसा, आणि पोरीला सांगा फोटो परत टाक म्हणून. मी सांगून उपयोग नाही, मलाही आता त्यांनी 'तिकडची' ठरवलंय. तुम्हाला तिकडचे म्हणायची त्या ग्रुपवर एकाचीही हिंमत नाही.