एक गोळी सोसली नाही म्हणून सगळा गट बाद नाही

‘प्रोप्रानोलॉल सोसलं नाही, तर बीटा ब्लॉकरचा नाद सोडा,’ हे अर्धशिशीवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणाऱ्या गोळ्यांचा गट; अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणूनही त्या देतात, आणि प्रोप्रानोलॉल त्यातलीच एक. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या बहिणीची अर्धशिशी त्या गोळीने आटोक्यात आली होती, पण पुण्याच्या एप्रिलच्या उन्हातही तिची बोटं गारठून पांढरी पडायची. डॉक्टरांनी याच गटातल्या मेटोप्रोलॉलवर आणलं आणि तो त्रास बराच कमी झाला. या गोळीचा भर मुख्यतः हृदयावर असतो, म्हणून काहींना ती जास्त मानवते. दमा असेल तर मात्र तीही जपूनच.

बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. जुनी गोळी एकदम बंद केली तर छाती धडधडते, रक्तदाब उसळतो. हृदयविकार असलेल्यांना तर मोठाच धोका. आणि नव्या गोळीला दोन-तीन महिने द्या हो, आठवड्यात निकाल लावू नका.

लेखात एक गोष्ट जरूर घाला: प्रोप्रानोलॉल चालू असताना रिझाट्रिप्टानचं, म्हणजे अर्धशिशीची कळ उठल्यावर घ्यायच्या एका औषधाचं, रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते एका वेळी ५ मिलिग्रॅमच देतात. मेटोप्रोलॉलने तसं होत नाही. त्यामुळे गोळी बदलली की कळ उठल्यावर घ्यायच्या औषधाचा डोसही डॉक्टरांना पुन्हा विचारावा.