लॅपटॉप विकताय की कोडी घालताय?

नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब, थोडं प्रोग्रॅमिंग, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग, आणि पुढची चार-पाच वर्षं त्याने रडू नये, एवढीच अपेक्षा. यासाठी हे हार्डवेअर पुरेल का? या एका प्रश्नाचं सरळ उत्तर कोणी देईल तर शपथ!

ज्याला विचारावं तो म्हणतो, "आय-७ घे, विषय संपला." (आय-५, आय-७ हे इंटेलचे प्रोसेसर.) कसला संपला? आय-७ १२५५यू मध्ये जोरदार कामाचे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच आहेत, आणि त्याच पिढीतल्या आय-५ १२५००एच मध्ये चार. रेंडरिंगसारख्या जड कामात हा आय-५ त्या आय-७ला मागे टाकतो. म्हणजे खरी गोष्ट सांगतं ते शेवटचं अक्षर, आणि मोठ्या टायपात छापतात तो ७!

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिने तर प्रोसेसरच्या नावांत कहरच केला. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू. वाचून कोणालाही वाटेल, सख्खी भावंडं, उन्नीस-बीसचा फरक असेल. प्रत्यक्षात आतली मूळ रचनाच वेगळ्या पिढीची: पहिला झेन २ वर, दुसरा झेन ३ वर, तिसरा झेन ४ वर. झेन २ आलं २०१९ मध्ये! पहिल्यात चार कोअर, बाकीच्या दोघांत सहा. सगळा उलगडा तिसऱ्या अंकात दडवलेला. जो माणूस कित्येक वर्षांतून एकदा लॅपटॉप घेतो त्याने ही सांकेतिक भाषा का शिकायची? ही निव्वळ धूळफेक आहे.

ग्राफिक्स कार्डाचं तेच. लॅपटॉपमधलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालवता येतं. वीज कमी, तसा वेग कमी. स्टिकर दोन्हीकडे सारखाच. पातळ मशीनमध्ये कार्डाचा गळा आवळून ठेवायचा आणि नाव पूर्ण लावायचं. वॉटचा आकडा शोधायला जा, विक्रीच्या पानावर बहुतेक वेळा नसतोच.

पण माझं डोकं खरं फिरतं ते रॅमवर. पानावर लिहिलेलं असतं "८ जीबी रॅम". ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली आहे का? जादा स्लॉट आहे का? असल्यास रिकामा आहे का? मी एका विक्रेत्याला चॅटवर नेमकं हेच विचारलं. उत्तर आलं, "सर, एकदम फास्ट रॅम आहे, डीडीआर५ आहे." मी पुन्हा विचारलं, वाढवता येते का? "सर, ८ जीबी पुरेशी आहे." कोणाला पुरेशी? माझं काम काय ते त्याने विचारलं तरी का? शेवटी सपोर्टच्या पानावरून त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उतरवली, तेव्हा कळलं की रॅम सोल्डर केलेली आणि स्लॉट एकही नाही. म्हणजे आज घेतली तेवढीच मशीन भंगारात जाईपर्यंत. त्यात इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेलं, ग्राफिक्स असेल तर तेही याच ८ जीबीतून आपला वाटा उचलतं. मायक्रोसॉफ्टसुद्धा एआयच्या कामांसाठीच्या आपल्या कोपायलट प्लस मशीनसाठी किमान १६ जीबी मागते, आणि इथे ८ जीबी कायमची डकवून "पुरेशी" म्हणतात!

स्क्रीनबद्दल तर बोलायलाच नको. "फुल एचडी" ठळक, आणि २५० निट्स (उजेड), ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवता येतात त्याचं माप) हे बारीक अक्षरात, तेही लिहिलंच तर. अशा पॅनलवर रंग फिके दिसतात. फोटो किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याने तिकडे फिरकूही नये. बरं, रिव्ह्यू बघून ठरवावं, तर रिव्ह्यूसाठी अनेकदा पाठवतात तो चांगल्या पॅनलचा आणि जास्त रॅमचा प्रकार. त्याच नावाने विकला जाणारा दुसरा प्रकार वेगळाच निघतो. फरक मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या चार-पाच अक्षरांत.

यूएसबी-सी पोर्ट दिसायला सगळे एकसारखे. एक ५ गिगाबिटचा, दुसरा थंडरबोल्ट ४ म्हणजे ४० गिगाबिटचा. चार्जिंग होतं का, मॉनिटर लागतो का, हे विकत घेऊन केबल खुपसल्यावर बघायचं का?

यातली कुठलीही गोष्ट गुपित नाही. मशीन बनवतानाच कंपनीला सगळं ठाऊक असतं. मग छापा ना! रॅम सोल्डर केलेली की स्लॉटमधली, स्लॉट किती, पॅनलचे निट्स, प्रत्येक पोर्टचा वेग. आणि ग्राफिक्स कार्डाचे वॉट त्याच्या नावाला लागून, नावाच्याच टायपात.